आकृती ३ मधला सरळ पाय

गाडीचं दार नीट लागलं की नाही, हे कानाला कळतं. दाराच्या कडेत लॅच असतो आणि चौकटीच्या खांबावर, म्हणजे बी-पिलरवर, एक जाड पोलादी कडी असते. तिला स्ट्रायकर म्हणतात. दार लोटलं की स्ट्रायकर लॅचच्या तोंडात शिरतो, आतला क्लॉ फिरतो आणि पॉल नावाचा छोटा तुकडा क्लॉच्या खाचेत पडतो. पहिल्या खाचेत पडला तर दार अर्धवट लागलं, दुसऱ्या खाचेत पडला तर पूर्ण. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०६ या मानकानुसार पूर्ण लागलेल्या लॅचला सुमारे ११,००० न्यूटनची, म्हणजे साधारण अकराशे किलो वजनाइतकी ओढ सोसावी लागते. शिवाय गुरुत्वाकर्षणाच्या ३० पट धक्का बसला तरी तो आपणहून सुटता कामा नये. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका मध्यम कारखान्यात मी डिझाइन विभागाचा प्रमुख होतो आणि नोकरीची बहुतेक वर्षं तळहातावर मावणाऱ्या या वस्तूबरोबर काढली. लॅच मला समजत होता. पेटंट समजत नव्हतं आणि समजत नाही, हेही समजत नव्हतं.

आम्ही पिकअपच्या दारासाठी लॅच करत होतो. बाजूने धडक बसली की दाराचा पत्रा झटक्यात आत ढकलला जातो, पण बाहेरचं हँडल जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतं. लॅचला ते कोणीतरी बाहेरून हँडल ओढल्यासारखंच वाटतं आणि नको त्या क्षणी दार उघडतं. हँडलला उलट बाजूने वजन लावून तोल साधायचा, हा यावरचा जुना उपाय. आमच्या दारात त्या वजनाला जागा नव्हती आणि गिऱ्हाईक प्रत्येक ग्रॅमचा हिशेब मागत होतं. म्हणून हँडल आणि पॉल यांच्यामध्ये मी एक हलकी लिव्हर घातली. रोजच्या वापरात हँडलची हालचाल ती पॉलपर्यंत पोचवायची. जोराचा धक्का बसला की स्वतःच्या जडत्वाने बाजूला सरकायची, म्हणजे हँडल रिकामंच फिरायचं. कल्पना सुचली त्या आठवड्यात मी फार खुशीत होतो.

मालकांनी पेटंट घ्यायला सांगितलं. मी आधी भलत्याच खिडकीशी गेलो. लॅचचं ‘डिझाइन’ नोंदवून मागितलं. कारखान्यात आम्ही सगळ्यालाच डिझाइन म्हणतो. डिझाइन कायदा, २००० हा डोळ्याला दिसणाऱ्या रूपाला संरक्षण देतो, यंत्राची रचना त्यात बसत नाही. आमची वस्तू तर दाराच्या पत्र्याआड कायमची गाडलेली. हे ज्यांनी समजावून सांगितलं त्या पेटंट एजंट बाईंकडेच मग आम्ही काम दिलं. त्या स्वतः मेकॅनिकलच्या पदवीधर होत्या. त्यांनी तात्पुरतं, म्हणजे प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन दाखल केलं. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन द्यायचं असतं. मधल्या काळात जे सुधारेल ते त्यात घालता येतं, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं.

मधल्या काळात सुधारलं, ते माझ्या हातून नव्हे.

रिगवर धक्के द्यायला लागलो तेव्हा लिव्हर ठरल्याप्रमाणे बाजूला होत होती, पण तितक्याच चपळाईने परत येत होती. हँडल अजून बाहेरच असायचं, लिव्हर परत त्याच्या वाटेत यायची आणि लॅच सुटायचा. मी स्प्रिंग बदलल्या. नरम घेतली तर लिव्हर खड्ड्यातल्या धक्क्यानेही हलायची, कडक घेतली तर धडकेतही हलायची नाही. गणित मांडलं, परत मांडलं. टूलरूमचे काका दोन दिवस लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “साहेब, तिला जाताना कशाला अडवताय? येताना अडवा.”

त्यांनी टॉर्शन स्प्रिंग काढली, वाइसमध्ये धरली आणि नोज प्लायरने तिच्या लांब पायाचं टोक जेमतेम दोन मिलिमीटर वाकवलं. स्प्रिंग परत बसवली. आता लिव्हर बाजूला झाली की ते वाकडं टोक बॅकप्लेटच्या काठामागे अडकायचं आणि लिव्हर तिथेच थांबायची. हँडल पूर्णपणे मागे आलं की त्याची रिलीज लिव्हरच टोकाला ढकलून मोकळं करायची. म्हणजे धडकेत दार बंद राहायचं आणि नंतर मदतीला आलेल्या माणसाने हँडल ओढलं की पहिल्या ओढीला उघडायचं. एक जास्तीचा भाग नाही, एक पैसा जास्त खर्च नाही. आम्ही रिग पुन्हा पुन्हा चालवला. लॅच सुटला नाही.

पूर्ण स्पेसिफिकेशनची वेळ आली तेव्हा एजंट बाईंनी फोनवर विचारलं, “प्रोव्हिजनलनंतर काही बदललंय का?”

“किरकोळ,” मी म्हणालो.

त्यांनी किरकोळ म्हणजे काय ते विचारलं. मी स्प्रिंगच्या ट्यूनिंगबद्दल काहीतरी बोललो. पेटंट कायदा, १९७० च्या कलम १० प्रमाणे शोध अमलात आणण्याची आपल्याला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत स्पेसिफिकेशनमध्ये उघड करावी लागते, हे त्यांनी मला सांगितलं. ती दडवली तर मिळालेलं पेटंटही कलम ६४ खाली रद्द होऊ शकतं, हेही सांगितलं. मी हो हो म्हटलं. मनात ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ पक्की बसलेली. पेटंटमधून तत्त्वावर मालकी घ्यायची आणि खरी खुबी घरातच ठेवायची, म्हणजे दोन्हीकडून फायदा. नक्कल करणाऱ्याने आमचा अर्ज वाचून लॅच केला तरी तो रिगवर सुटेल आणि बसेल डोकं खाजवत. हा बेत मला फार हुशारीचा वाटला होता.

आकृत्या आमच्याच ड्राफ्ट्समनने केल्या. चांगला पोरगा, हात स्वच्छ. त्याच्यामागे उभा राहून मी स्क्रीन बघत होतो. आकृती ३ मध्ये स्प्रिंग भाग क्रमांक २२ होती आणि त्याने ती प्रत्यक्षात होती तशीच काढली होती, वाकडं टोक आणि त्याखालचा बॅकप्लेटचा काठ, सगळं व्यवस्थित. मी म्हणालो, “हा पाय सरळ कर.” त्याने मागे वळून पाहिलं. “सर, पण तो काठामागे जातो ना?” “सरळ कर,” मी म्हणालो. दोन क्लिकमध्ये पाय सरळ झाला. मजकुरात त्या जागी ‘सुयोग्य बायसिंग साधन’ एवढंच गेलं. पहिला दावा मी हट्टाने इतका रुंद लिहून घेतला, की हँडल आणि पॉल यांच्यामध्ये जडत्वाने सरकणारी जगातली कोणतीही लिव्हर आमची ठरावी. अर्जासोबत फॉर्म ५ जातो, शोधकर्ता कोण याचं ते प्रतिज्ञापत्र. त्यात माझं एकट्याचं नाव होतं.

अर्ज केला म्हणजे तपासणी सुरू झाली असं नसतं, त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. बाईंनी ती मुदतीत केली. दरम्यान १८ महिने झाल्यावर अर्ज नियमाप्रमाणे प्रसिद्ध झाला. मी त्याची प्रत फ्रेम करून टेबलावर ठेवली. प्रसिद्ध होणं आणि मंजूर होणं यातला फरक भेटायला येणाऱ्यांना माहीत नव्हता आणि मी सांगायच्या फंदात पडलो नाही.

तपासणीचा पहिला अहवाल यायला काही वर्षं गेली. तो वाचून मला आधी राग आला आणि बऱ्याच उशिराने अर्थ कळला. परीक्षकाने दोन जुने दस्तऐवज काढले होते. या धंद्यात त्यांना डी-१, डी-२ म्हणतात. डी-१ हे एका जपानी कंपनीला मिळालेलं अमेरिकी पेटंट होतं, डी-२ हे त्याहून जुनं जपानी युटिलिटी मॉडेल. मला जपानी येत नाही, पण आकृती वाचायला भाषा लागत नाही. हँडल होतं, पॉल होता आणि दोघांच्या मध्ये, मी ज्या जागी घातली होती त्याच जागी, एक हलकी लिव्हर होती. धक्क्याने बाजूला सरकणारी. मी आयुष्यभर लॅच केले आणि माझी लिव्हर माझ्या आधी कोणीतरी करून, नोंदवून, विसरूनही गेलं होतं.

आक्षेप असे होते: पहिल्या दाव्यात नावीन्य नाही, उरलेल्यात शोधाची पायरी नाही. ज्ञात साधनांची नुसती नवी मांडणी, जी कलम ३ (एफ) खाली शोध मानली जात नाही. ‘सुयोग्य बायसिंग साधन’ म्हणजे नेमकं काय ते स्पष्ट नाही.

अर्ज करण्यापूर्वी मी शोध घेतला नव्हता असं नाही. घेतला होता, पण मला सुचतील त्या शब्दांनी. या धंद्यात एकाच क्लॉला पाच कंपन्यांत पाच नावं. म्हणून जाणकार माणूस शब्दांवर विसंबत नाही, आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा खण उघडतो. कुलपांचा खण ई-०५-बी. तेव्हा गाड्यांची कुलपं त्याच्या ६५ व्या गटात होती, २०१४ पासून ती ७७ ते ८५ मध्ये गेली आणि धडकेच्या वेळी जडत्वाने दार उघडू न देणाऱ्या रचनांसाठी आता ७७/०६ असा स्वतंत्र कप्पाच आहे. माझी ‘नवी’ कल्पना इतकी नवी होती, की तिच्यासाठी वेगळा कप्पा करावा लागावा एवढी गर्दी तिथे होती.

त्या काळी अहवालातले आक्षेप दूर करायला १२ महिने मिळत. २०१६ च्या सुधारणेनंतर सहा महिने मिळतात आणि अर्ज केला तर आणखी तीन. माझ्या मुदतीतला बराचसा वेळ परीक्षकाला लॅच कळत नाही हे सिद्ध करण्यात गेला. मी लांबलचक पत्रं लिहायचो, बाई त्यातला तीन चतुर्थांश मजकूर गाळायच्या. लॅच चाचणीत पास झाला, गिऱ्हाईक खूश आहे, इतके नग विकले, असं मी लिहायचो. त्या म्हणायच्या, “सर, लॅच चांगला आहे की नाही हा प्रश्नच नाहीये. तो नवा आहे का, एवढंच विचारलंय.” त्यांनी मला सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल वाचायला दिला. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचा खटला. लेथवर भांडं धरायच्या साधनात केलेला बदल हा शोध नव्हे, कारागिराने कामाच्या ओघात केलेली सुधारणा आहे, असं ठरून ते पेटंट गेलं होतं. मी तो चाळला आणि म्हटलं, “आपण काय भांडी बनवतो का?” बाई काही बोलल्या नाहीत.

सुनावणी मुंबईला होती, अँटॉप हिलच्या कार्यालयात. आदल्या रात्री मला पहिल्यांदा भीती वाटली आणि भीतीपोटी मी बाईंना खरं सांगितलं. डी-१ मधली लिव्हर परत उसळते. आमची उसळत नाही, कारण आमच्या स्प्रिंगचा पाय वाकडा आहे आणि तो काठामागे अडकतो. फोनवर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, हा तर शोध आहे. हा आपल्या स्पेसिफिकेशनमध्ये कुठे आहे?”

दुसऱ्या दिवशी कंट्रोलरांनी शब्दशः तोच प्रश्न विचारला.

मी कट-सेक्शनचा नमुना नेला होता, एका बाजूचा पत्रा कापून आतलं दिसेल असा. टेबलावर ठेवून लिव्हर बोटाने सरकवली, अडकवून दाखवली, हँडल मागे आणून सोडवून दाखवली. कंट्रोलर माझ्यापेक्षा बरेच लहान होते. त्यांनी लॅच हातात घेतला, स्वतः दोनदा करून पाहिला आणि मनापासून म्हणाले की हे चांगलं आहे. डी-१ मध्ये हे नाही, हेही त्यांनीच म्हटलं. मग त्यांनी आमची फाइल उघडली. लॅच एका बाजूला ठेवला, आकृती ३ दुसऱ्या बाजूला, आणि पेन्सिलीचं टोक भाग क्रमांक २२ वर ठेवलं. “इथे पाय सरळ दिसतो.”

मी काही बोललो नाही. बाईंनी कलम ५९ च्या चौकटीत जे म्हणता येण्यासारखं होतं ते म्हटलं. ते फारसं नव्हतंच. त्या कलमानुसार अर्जात दुरुस्ती करता येते, पण मूळ स्पेसिफिकेशनमध्ये जे नव्हतं ते मागाहून घुसवता येत नाही. नुसता उल्लेख राहून गेला असता तर आकृतीकडे बोट दाखवता आलं असतं. आकृतीत जसंच्या तसं असतं तर त्यावर दावा आवळून बसवता आला असता. ड्राफ्ट्समनने तो पाय वाकडाच काढला होता. मी तो सरळ करवून घेतला होता.

अर्ज नाकारला गेला. निकाल दोन-तीन पानांचा होता, भाषा सौम्य.

पेटंट ऑफ ॲडिशन करू, निदान वाकड्या पायाचा वेगळा अर्ज करू, असं मी सुचवलं. वरातीमागून घोडं. लॅच तोवर काही वर्षं बाजारात विकला जात होता. जे उघडपणे विकलं आणि वापरलं गेलं त्यावर आता नवं म्हणून हक्क सांगता येत नाही. ते आम्हीच विकलं असलं तरी नाही. पुढच्या कराराच्या वेळी गिऱ्हाइकाने दुसरा व्हेंडर उभा केला. त्याने आमचाच लॅच केला, वाकड्या पायासकट, आणि दर कमी दिला. त्यात बेकायदेशीर काही नव्हतं. आम्हाला दर उतरवावा लागला, त्या वर्षी विभागातली दोन माणसांची भरती रद्द झाली. मालक मला काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं.

काकांना मी स्वतः जाऊन सांगितलं की पेटंट मिळालं नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, तुमचा स्प्रिंगचा पाय अर्जात लिहिला नव्हता. “का बरं?” गुपित ठेवायचं होतं, मी म्हणालो. ते हसले. “चार रिव्हेट उडवल्या की दिसतंय की साहेब.” खरंच होतं. कुठल्याही गल्लीतल्या गॅरेजमध्ये ड्रिल असतं. दुसऱ्या व्हेंडरनेही तेच केलं असणार. जगात ज्याला बघायचं होतं त्या प्रत्येकाला ते टोक दिसणार होतं. मी ते फक्त ज्या कार्यालयात दाखवल्याने फायदा झाला असता, तिथेच झाकलं.

गुपिताचं कारण मी काकांना सांगितलं आणि इतकी वर्षं स्वतःलाही तेच सांगत आलो. ते खोटं नाही, पण पूर्णही नाही. पाय वाकडा दाखवला असता, तर तो कोणी वाकवला हे फॉर्म ५ मध्ये लिहावं लागलं असतं. माझ्या नावाशेजारी टूलरूममधल्या, आयटीआय झालेल्या माणसाचं नाव आलं असतं. स्वागतकक्षातल्या भिंतीवर पेटंटची पाटी लागायची होती आणि तिच्यावर मला दोन नावं नको होती. हा हिशेब मी तेव्हा शब्दांत मांडला नव्हता. पण ड्राफ्ट्समनने वळून पाहिलं तेव्हा मी त्याच्या नजरेला नजर दिली नव्हती, तेवढं आठवतं.

परीक्षकांविषयी मी बरीच वर्षं चारचौघांत वाईट बोललो. त्यांना कारखान्याची माहिती नसते, कागदावर चालतात, वगैरे. अलीकडे निवृत्तीनंतर जुनी फाइल काढून अहवाल आणि निकाल सलग वाचला. परीक्षकाने माझी लिव्हर दुसऱ्याची होती हे बरोबर ओळखलं. कंट्रोलरांनी लॅचमधली खरी नवी गोष्ट कोणती, हे मी हातात नमुना देताच काही मिनिटांत हेरलं. माझ्या अर्जावर दिलेला निकाल योग्य होता. मी त्यांच्या जागी असतो तर तोच दिला असता, फक्त भाषा इतकी सौम्य ठेवली नसती.

त्यानंतर आम्ही चाइल्ड लॉकच्या एका छोट्या सुधारणेचा अर्ज केला. मसुदा घेऊन मी टूलरूममध्ये बसलो, आकृत्या काकांनी तपासल्या आणि एका ठिकाणी माझी चूक काढली. शोधकर्ते म्हणून दोन नावं गेली. दावा अगदी अरुंद मिळाला, पण मिळाला. पाटीवर पहिलं नाव काकांचं आहे. वर्णानुक्रमाने ते आधी येतं म्हणून, माझ्या मोठेपणाने नव्हे.

तुमच्या कारखान्यातून असा अर्ज निघणार असेल, तर सही करण्याआधी त्यातली प्रत्येक आकृती, ज्याने तो भाग पहिल्यांदा हाताने चालवून दाखवला त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, हे असंच आहे का?